‘खिशात पुडी सापडली, आता काय करू?’ : डॉक्टर मॅडमना विचारा

मागच्या अंकात एका आईचं चार ओळींचं पत्र छापलं होतं, पोराच्या खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून, आणि उत्तर पुढच्या वेळी देते असं मी म्हणाले होते. तेवढ्यावर महिनाभरात इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप आली की शुगर, गुडघे, केस गळणं सगळं या वेळी बाजूला ठेवलंय. नावं गाळलीत, पेठा पण थोड्या इकडच्या तिकडं केल्यात, कोल्हापुरात लोक तेवढ्यावरून पण ओळखतात.

प्रश्न : मॅडम, मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मशीन लावायच्या आधी खिसे तपासले तर कागदाची पुडी, आत वाळका पाला, काड्या, बिया, उग्र वास आणि सोबत ते पातळ पेपर. मी अजून त्याला काही बोलले नाही. मिस्टर म्हणतात आमच्या वेळी पण पोरं ओढायची, कोण मेलं नाही. सासूबाई म्हणतात पोरगं गेलं हातचं. कुणाचं खरं?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर : ताई, दोघांचंही निम्मं निम्मं. आधी पुडीत काय असतं ते बघू. झाड एकच, त्याची पानं वाटली की भांग, मादी झाडाच्या फुलांचे शेंडे वाळवले की गांजा, आणि त्या शेंड्यांवरचा चिकट चीक हातानं घासून गोळा केला की चरस. तिन्हीत नशा आणणारं द्रव्य तेच, टीएचसी, पानात कमी, शेंड्यात जास्त, चिकात त्याहून जास्त. हे द्रव्य मेशुलम आणि गाओनी या दोन शास्त्रज्ञांनी १९६४ साली इस्रायलमध्ये शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. पुढं कळलं की याला बसायला आपल्या मेंदूत जागा आधीपासूनच आहेत, म्हणजे कुलूप घरातच आहे, मग किल्ली पण घरचीच असणार ना, ती १९९२ ला सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्याच संस्कृत ‘आनंद’वरून. आता घरची किल्ली शरीर गरजेपुरती बनवतं आणि काम झालं की लगेच मोडून टाकतं, गांजातली किल्ली मात्र तासन्‌तास कुलपात अडकून बसते.

ही कुलपं आठवणीच्या भागात भरपूर, म्हणून ओढलेला पोरगा वाक्य अर्ध्यात सोडतो आणि आपण काय बोलत होतो ते विसरतो. तोल सांभाळणाऱ्या भागात भरपूर, म्हणून गाडीवर असताना ब्रेक उशिरा दाबला जातो. पण श्वास चालू ठेवणाऱ्या भागात फारच थोडी, म्हणून हेरॉईननं जसा श्वास बंद पडून माणूस जातो तसं गांजानं मोठ्या माणसाचं सहसा होत नाही. मिस्टरांचं ‘कोण मेलं नाही’ इथपर्यंत बरोबर आहे. इंग्रजांनी १८९३-९४ ला अख्खा आयोग नेमून भांग, गांजा, चरस यांची देशभर चौकशी केली होती, त्यांचाही सूर असाच होता की बेतात घेणाऱ्याचं फार बिघडत नाही, अति करणाऱ्याचं बिघडतं.

पण तुमचा पोरगा १९ चा आहे हो! मेंदूचा कपाळामागचा भाग, ज्यानं माणूस थांबतो, विचार करतो, उद्याचं बघतो, तो पंचविशीपर्यंत घडतच असतो आणि तिथंपण ही कुलपं आहेत. गांजा करून बघणाऱ्यांत साधारण दहातल्या एकाला त्याची सवय जडते असा जुना अंदाज आहे, तोच नाद शाळा-कॉलेजच्या वयात लागला तर सहातल्या एकाला. म्हणजे सासूबाईंनी एवढं हात धुवून बसायची गरज नाही, पण मिस्टरांनी पण निवांत राहू नये. शिवाय त्यांच्या वेळचा माल आणि आत्ताचा माल एकच असेल असं धरून चालू नका, अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालात १९९५ च्या सुमाराला टीएचसी ४ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडच्या पुडीवर तर काहीच लिहिलेलं नसतं. आणि अजून एक, पोरं बऱ्याचदा सिगरेट रिकामी करून तिची तंबाखू गांजात मिसळतात, त्यामुळं गांजा सुटला तरी तंबाखू मागं राहते, हे माझ्या केबिनमध्ये कितीतरी वेळा बघितलंय.

आता करायचं काय. मिस्टर घरी नसताना, जेवण झाल्यावर, पुडी समोर ठेवून ‘हे मिळालं मला’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा, गप्प बसणंच अवघड असतं. मग तीन गोष्टी काढून घ्या : कधीपासून, आठवड्यातनं किती वेळा, आणि ग्रुपमध्ये ओढतो का एकटा. महिन्यातनं एकदा रंकाळ्यावर मित्रांसोबत ओढणारा आणि सकाळी उठल्या उठल्या एकटा बाथरूमात ओढणारा, दोघांच्या खिशात पुडी सारखीच असते, पण दुसऱ्याला माझ्याकडं किंवा कुठल्याही मानसोपचार डॉक्टरकडं आणायचं, आणि तेही ओढून-ताणून नाही. मारहाण, मोबाईल काढून घेणं, कॉलेज बंद करणं, यातलं काहीही केलं तर पुढची पुडी खिशात सापडणार नाही एवढंच होईल.

प्रश्न : आम्ही तालमीतली पोरं. बदामाची थंडाई आम्ही रोज पितो पण रंगपंचमीला कुणीतरी भांगेची आणली. आमच्यातल्या एकानं एक ग्लास मारला, पाऊण तास झाला काय झालं नाही, म्हणला ह्यात पाणी घातलंय, अजून दोन मारले. मग जे सुरू झालं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. रडत होता, मी मेलोय म्हणत होता, छाती धडधडतीय म्हणत होता. लिंबू चोखवलं, ताक पाजलं, डोक्यावर पाणी वतलं. महादेवाचा प्रसाद आहे, भांगेनं असं कसं होतं?
— शिवाजी पेठ

उत्तर : भावांनो, त्याच्यात पाणी नव्हतं, तुमच्या मित्राला दम नव्हता! ओढलेला गांजा फुफ्फुसातनं थेट रक्तात जातो, दोन-चार मिनिटांत कळतं, दोन-चार तासांत उतरतं. प्यालेली भांग आधी पोटात, मग आतड्यात, मग लिव्हरमध्ये जाते, आणि लिव्हर टीएचसीचं रूपांतर अशा एका पदार्थात करतं जो मेंदूत अजून जोरात लागतो. हे सगळं व्हायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, पोट भरलेलं असेल तर जास्तच, आणि एकदा चढली की सहा-आठ तास, कधी कधी बारा. पाऊण तासाला ‘काय नाय झालं’ म्हणून दुसरा ग्लास उचलणारा माणूस खरं तर पहिल्या ग्लासाची वाट बघत असतो, आणि मग तिन्ही ग्लास एका पाठोपाठ एक येऊन दार वाजवतात. त्यात वाटलेल्या गोळ्यात किती काय आहे हे वाटणाऱ्याला पण माहीत नसतं.

लिंबू, ताक, चिंच यानं उतरत नाही, फक्त करणाऱ्याला काहीतरी केल्याचं समाधान. आणि गुंगीत असलेल्याच्या तोंडात काही ओतू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जाईल. शांत खोली, कमी उजेड, कुशीवर झोपवायचं, एकजण सोबत, आणि पुन्हा पुन्हा सांगायचं की तू भांग प्यालायस, तू मेला नाहीस, हे उतरणार आहे. हसू नका आणि व्हिडिओ तर अजिबात काढू नका, त्या वेळी त्याला खरंच मेल्यासारखं वाटत असतं. छातीत दुखतंय, फिट आली, उठवून उठत नाही, किंवा आवरता येईना झाला तर मात्र सरळ सीपीआर, म्हणजे आपला सरकारी दवाखाना, गाठायचं आणि डॉक्टरला भांग प्यालाय हे खरं सांगायचं. आणि घरात लहान पोरं असतील तर तो तांब्या त्यांच्या हाताला लागता कामा नये, वर ‘मोठ्या माणसाचं’ म्हणलं ते मुद्दाम म्हणलंय, दोन-तीन वर्षांच्या पोराच्या पोटात गेली तर गाढ गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो, तिथं घरी थांबायचं नाही.

प्रसादाचं म्हणाल तर श्रद्धेवर मी बोलणार नाही, पण ‘भांग कायद्यात बसते’ असं लोक म्हणतात, ते तेवढं खरं नाही. १९८५ च्या केंद्राच्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतनं नुसती पानं आणि बिया सोडल्यात हे बरोबर, पण महाराष्ट्रात भांगेला आपला १९४९ चा दारूबंदी कायदा लागतो आणि परवान्याशिवाय ती ठेवता-विकता येत नाही. तुमची बदामाची थंडाई चालू ठेवा, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

प्रश्न : भाचा २६ वर्षांचा, एमआयडीसीत कामाला. वर्षभर झालं दर दीड-दोन महिन्यांनी उलट्यांचा झटका येतोय, सकाळी जास्त, पाणी पण ठरत नाही, चार-पाच दिवस चालतं. एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. ॲसिडिटी म्हणून गोळ्या झाल्या, करणी म्हणून उतारा पण झाला. एक विचित्र म्हणजे तो दिवसातनं सात-आठ वेळा कडक पाण्यानं अंघोळ करतो, म्हणतो तेवढा वेळच बरं वाटतं. ताई बंब पेटवून पेटवून दमलीय.
— मामा, उचगाव

उत्तर : मामा, तुमच्या पत्रात गांजाचा शब्द पण नाही, तरी मी ते या अंकात घेतलं त्याचं कारण ताईंचा बंब.

माझ्याकडं असाच एक पोरगा आला होता, तळहात सुरकुतलेले, पाठीवर गरम पाण्यानं लाल चट्टे, आणि आईच्या हातात तीन दवाखान्यांच्या फायली. फायलीत सगळं होतं, फक्त ‘गांजा ओढतोस का’ हा प्रश्न कुणी विचारलेला दिसला नाही. आईला बाहेर बसवलं आणि विचारलं, तर पाच वर्षं, रोज, दिवसातनं चार-पाच वेळा. गांजानंच होणाऱ्या उलट्यांच्या या आजाराचं वर्णन ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ ला पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्यांतल्या काहींना होतो, आणि गंमत अशी की गांजा तसा उलटी थांबवणारा म्हणून ओळखला जातो, म्हणून पेशंट उलटी थांबावी म्हणून अजून ओढतो आणि अजून अडकतो. कडक पाण्यानं बरं वाटणं ही याची जवळजवळ सही आहे. का वाटतं याचं उत्तर पूर्ण लागलेलं नाही, पण कातडीत उष्णता ओळखणारे जे सेन्सर असतात तेच मिरचीच्या तिखटानं पण चालू होतात, आणि बाहेरच्या देशांत इमर्जन्सीत अशा पेशंटच्या पोटावर मिरचीच्या अर्काचं क्रीम लावतात, काहींना त्यानं आराम पडतो. म्हणून घरी लवंगीची चटणी चोळू नका, मी कोल्हापूरला ओळखून आहे!

भाच्याला एकट्यात विचारा, पोलिसासारखं नाही, मामासारखं. हो म्हणला तर इलाज एकच, पूर्ण बंद, कमी करून भागत नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत हे थांबतं, आणि परत सुरू केलं की परत येतं. झटका चालू असताना मात्र सलाईन लागतं, कारण चार दिवस पाणी ठरत नसेल तर किडनीला मार बसतो आणि पोटॅशियम उतरतं. नाही म्हणला आणि ते खरं असेल तर दुसरी कारणं शोधावी लागतील, पोटाच्या डॉक्टरला सोडू नका.

प्रश्न : माझा भाऊ २२ वर्षांचा, गेली चार वर्षं रोज गांजा. तीन महिने झाले खोलीतनं बाहेर येत नाही, फोनला चिकटपट्टी लावलीय, म्हणतो शेजारचे माझ्यावर बोलतात, टीव्हीवाला माझं नाव घेतो. १५ दिवस झाले गांजा मिळालेला नाही तरी हे चालूच आहे. घरचे म्हणतात नशा उतरली की नीट होईल, एकजण देवऋष्याकडं न्या म्हणतोय. आमच्या काकांना पण असं होतं, ते घर सोडून गेले.
— बहीण, कसबा बावडा परिसर

उत्तर : हे पत्र वाचून मी अंकाची वाट बघितली नाही, त्यांना फोन केला. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं असेल म्हणून इथं लिहिते.

गांजा ओढलेला असताना संशय येणं, कुणीतरी बघतंय वाटणं, हे होतं आणि नशेबरोबर उतरतं. १५ दिवस गांजा नाही आणि तरी आवाज चालू आहेत, याला नशा म्हणत नाहीत, हा सायकोसिस, म्हणजे खरं काय आणि भास काय हे न कळणं, आणि तो आजार आहे. गांजामुळं झाला का गांजानं फक्त दार उघडलं, हे एका माणसात ठरवता येत नाही. मोठ्या संख्येत बघितलं तर नातं दिसतं. स्वीडनमध्ये लष्करात भरतीला आलेल्या ४५ हजारांवर पोरांना १५ वर्षं मागोवा ठेवून बघितलं, १९८७ ला ते छापून आलं, अठराव्या वर्षापर्यंत ५० पेक्षा जास्त वेळा ओढलेल्यांत स्किझोफ्रेनिया, म्हणजे असेच भास आणि संशय मुरत जाणारा आजार, सहा पट निघाला. घरची परिस्थिती, आधीचा स्वभाव वगैरे हिशोबात धरलं की हा आकडा बराच उतरतो, पण शून्यावर येत नाही. आणि तरी बहुतेक ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं, मुळात तो शंभरात एखाद्यालाच होतो.

पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ शेवटची, काकांची. रक्ताच्या नात्यात असा आजार असेल, लहान वयात सुरुवात असेल, रोजचं असेल आणि माल कडक असेल, तर धोका एकमेकांवर चढत जातो. अशा घरातल्या पोरांना मी ‘बेतात’ वगैरे काही सांगत नाही, नकोच सांगते.

देवऋष्याकडं जायचं तर जावा, मी भांडत नाही, पण त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञाकडं पण जावा. सीपीआरला हा विभाग आहे, खर्चाची काळजी असेल तर तिथं. जितका उशीर तितका हा आजार मुरतो, आणि गोळ्या लवकर सुरू झाल्या तर कितीतरी पोरं परत कॉलेजला, कामाला जातात. रात्री-अपरात्री सुचेनासं झालं तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मराठीत बोलतात. भावाशी वाद घालू नका, ‘कोण नाही बोलत तुझ्यावर’ म्हणलात की तुम्ही पण त्यांच्यातल्या झालात. ‘तुला भीती वाटतेय ना, आपण दोघं जाऊ’ एवढं पुरतं.

प्रश्न : वय २४. तीन वर्षं रोज ओढतोय, रात्री एक स्टिक नाही मारली तर झोपच नाही. तीनदा सोडला, चौथ्या दिवशी परत. लोक म्हणतात गांजाचं ॲडिक्शन होत नाही. मग मला काय झालंय?
— नाव नको

उत्तर : लोक चुकीचं म्हणतात. रोज घेतल्यावर मेंदूतली ती कुलपं कमी होतात, मग बंद केलं की घरच्या किल्लीवर भागत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू, भूक मरते, घाम येतो, झोप उडते आणि लागली तर इतकी रंगीत विचित्र स्वप्नं की नको ती झोप. जोर पहिल्या आठवड्यातच, दोनेक आठवड्यांत बरंच शांत, झोपेला थोडं अजून लागतं. म्हणजे तू दर वेळी ऐन चढणीवर उतरतोयस रे, चौथा दिवस हाच वाईट असतो. यात जिवाला धोका नसतो, जसा रोज दारू पिणाऱ्यानं एकदम बंद केल्यावर असतो तसा.

गांजा सोडवणारी खास मान्यताप्राप्त गोळी अजून तरी नाही. समुपदेशनानं सुटतो, त्याला काही बैठका लागतात, झोपेसाठी डॉक्टर थोडे दिवस काहीतरी देऊ शकतात. संध्याकाळी चहा-कॉफी बंद, अंगातनं घाम निघेल असं काहीतरी, आणि पेपर, लायटर, माल देणाऱ्याचा नंबर हे सगळं एकाच दिवशी घरातनं बाहेर. नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६. आणि तू एकटा नाहीस, केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीत, जी २०१९ ला आली, भांग-गांजामुळं मदतीची गरज असलेले देशात ७२ लाख निघाले होते.

आता काही पटापट.

लघवीत किती दिवस सापडतं, कंपनीत टेस्ट आहे? अधूनमधून ओढणाऱ्यात तीनेक दिवस, रोजच्यात महिना किंवा जास्त, कारण टीएचसी चरबीत जाऊन बसतं आणि हळूहळू सुटतं. लिंबूपाणी, व्हिनेगर पिऊन जात नाही. आणि तू क्रेन चालवतो असं लिहिलंयस, तर टेस्टपेक्षा मला खाली उभ्या असलेल्या माणसाची जास्त काळजी आहे.

आजीला कॅन्सर आहे, ऑनलाइन विजया तेल मागवू का? विजया म्हणजे हेच भांग-गांजाचं झाड. त्यानं कॅन्सर बरा होतो असा माणसांवरचा पुरावा नाही, त्यासाठी केमो थांबवू नका. केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीची गोळी अमेरिकेत १९८५ पासून आहे, आणि लहान मुलांच्या काही अवघड फिट्सवर सीबीडीचं, म्हणजे याच झाडातल्या नशा न आणणाऱ्या द्रव्याचं, औषध २०१८ ला मंजूर झालं, एवढं खरं. विजया आयुर्वेदात आहेच, पण कायद्यानं ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या औषधांच्या यादीत आहे, इन्स्टाग्रामच्या नाही. आजी रक्त पातळ व्हायची वॉरफरिन घेत असतील तर विचारल्याशिवाय एक थेंब पण नको, दोन्हीची गाठ पडली की रक्तस्राव होऊ शकतो.

आमच्या उसाच्या फडात वाटेकऱ्यानं मधी गांजाची चार झाडं लावलीत, उपटून टाकू का? हा आरोग्याचा प्रश्न नाही, पण सांगते, गुपचूप उपटू नका, पोलिसात कळवा. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे, माहीत असून जमीन वापरू देणाऱ्याला पण तीच शिक्षा, आणि कळवणं हे जमीनवाल्याचं काम असं कायद्यातच लिहिलंय. वकिलाला घेऊन आजच जावा.

पोलिसांनी पोराला थोड्या मालासह पकडलं तर? १ किलोपर्यंत गांजा ‘अल्प’ धरतात, तरी वर्षभरापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला तर अशा छोट्या गुन्ह्यात खटल्यातनं सूट मिळायची सोय याच कायद्यात, कलम ६४-अ मध्ये आहे. वकिलाला हे कलम विचारा.

ओढल्यावर एवढी भूक का, मी तीन मिसळ खाल्ल्या? भूक लावणाऱ्या भागात पण तीच कुलपं. वास आणि चव दोन्ही जास्त लागतात. तीन मिसळींचं बिल मात्र तूच दे.

एक पत्र उरलंय, ‘एक मित्र’ नावानं आलेलं, त्यात नुसतं विचारलंय की आठवड्यातनं एकदा ओढला तर चालेल का. वय लिहिलेलं नाही, घरात कुणाला मानसिक आजार आहे का ते पण नाही, हृदयाचं काही आहे का तेही नाही. तेवढं कळव, पुढच्या अंकात लिहिते.